दुसऱ्या बाजूचं शेवटचं बटन

टक. टक. टक.

दुपारी घर इतकं गप्प होतं की स्वयंपाकघरातला तो आवाज आतल्या खोलीपर्यंत आला. जुई झोपलीय असं समजून मी जरा टेकले होते. ती कधी उठली, कधी स्टुलावर चढली आणि गॅसचा लायटर तिच्या हाती कसा लागला, कळलंच नाही.

"आई, हा बिघडलाय," ती तिथूनच ओरडली. "आवाज येतो, पण ठिणगीच येत नाही."

"ठेव तो खाली. आणि स्टुलावरून उतर."

टक. टक.

आवाज येतो आणि पुढं काहीच होत नाही. असा आवाज मी पूर्वी एकदा ऐकला आहे. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि आमचं पार्लर होतं.

पार्लर म्हणजे व्हिडिओ गेमचं. इचलकरंजीत घराच्या पुढच्या खोलीत पप्पांनी चार मशिनी मांडल्या होत्या. मधे एक जाड पडदा आणि पडद्यामागं आमचं स्वयंपाकघर. गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालायची. पाळी सुटली की पोरं केसांत कापसाची भुरकी घेऊन थेट आमच्याकडं. तीन मशिनींवर गाड्या, विमानं असलं काहीबाही होतं. गर्दी व्हायची ती चौथीवर, मारामारीच्या गेमवर. दोघांनी शेजारीशेजारी उभं राहायचं, एकेक दांडी आणि सहा-सहा बटनं. जिंकणारा जागेवर राहणार, हरणारा बाजूला. पुढचा नंबर ज्याचा, त्यानं आपलं कॉइन काचेच्या कडेला टेकवून ठेवायचं. त्या कॉइनला दुसरं कुणी हात लावत नसे. गेममधल्या लढवय्यांची खरी नावं कुणालाच ठाऊक नव्हती. ती इंग्रजीत, नाहीतर जपानीत असायची. आमच्याकडं ते टकल्या, जाड्या, पिवळी पँट आणि चाबूकवाली होते.

चाबूकवाली माझी होती.

सकाळी शाळेच्या आधी ती मशीन फक्त आम्हा दोघांची असायची. पप्पा मशीनचं मागचं दार किल्लीनं उघडून आतला खटका दाबत. कॉइन न टाकताच खेळ सुरू. उजव्या बाजूला ते टकल्या घेऊन उभे राहायचे, डाव्या बाजूला मी. सुरुवातीला पायाखाली पाट घ्यावा लागे. पुढं पाट सुटला.

"डोळं कशाला फाडतीस?" पप्पा म्हणायचे. "ऐक. टकल्या मोठी लाथ मारणार, तर आधी बटन वाजणार. आवाज आधी, लाथ मागनं. तेवढ्यात खाली बस आणि चाबूक काढ."

मी तशी शिकले, कानांनी. संध्याकाळी पडद्यामागं गवारी निवडता निवडता कोण खेळतंय ते मला नुसत्या बटनांवरून कळायचं.

"घोडके आला," मी आईला सांगायचे.

"तुला काय माहीत?"

"शेवटचं बटन ऐक की. एवढं जोरात दुसरं कोण मारतंय?"

"हेच कान जरा इंग्रजीच्या तासाला लाव, रोहे."

सतीश घोडके. पोरं त्याला घोड्या म्हणायची. कापड रंगवायच्या कारखान्यात होता, बोटं कायम निळी. उजव्या बाजूची जागा त्याची ठरलेली, आणि तिथून त्याला हलवणारा अख्ख्या गावात कुणी नव्हता. त्याचा टकल्या हळूहळू पुढं सरकायचा आणि कोपऱ्यात गाठून शेवटच्या बटनाची मोठी लाथ घालायचा. लाथेबरोबर मशीनमधून टकल्याचा "हुं!" असा हुंकार यायचा. टक, हुं, धाड. समोरचा आडवा.

हरलेला प्रत्येक जण एकच ओरडायचा, "काका, बटन गेलंय ओ!"

त्यावर घोड्याचं ठरलेलं उत्तर असे. "बटन न्हाय गेलं भावा, तू गेलास." आणि सगळं पार्लर हसायचं.

या बटनाच्या तक्रारींना पप्पा इतके वैतागले की शेवटी त्यांनी भिंतीवर पाटी रंगवली : बटनाची तक्रार पहिल्या राउंडपर्यंतच. नंतर ऐकली जाणार नाही.

एरवी पप्पा सकाळचा खेळ झाला की मशीन बंद करायचे, म्हणजे पडद्यावरचे गुण पुसले जायचे. एक दिवस ती चालूच राहिली आणि संध्याकाळी पोरांना पडद्यावर सगळ्यात वरच्या गुणांपुढं तीन अक्षरं दिसली. आर, ओ, एच. घोड्या खेळून झाला तरी त्याचं नाव त्याच्या खालीच.

"रोह? कोण ओ काका हा?" घोड्यानं विचारलं.

"रोहित असंल. नायतर रोहन," कुणीतरी म्हणालं.

"जयसिंगपूरचा हाय का? त्याला म्हणावं ये की समोर. आम्ही यायच्या आधी एकटाच काय खेळतोय, चोरून?"

पप्पांना गप्प बसता आलं असतं. पण त्यांच्या आवाजात हसू होतं, मला पडद्याआडून कळलं. "चोरून कशाला? घरचीच हाय. माझी पोरगी."

क्षणभर सगळी बटनं थांबली. मग जो हशा उसळला, त्यानं माझे कान तापले.

"काका, काय बी!"

"बघायचंय?" पप्पा म्हणाले. "रविवारी दुपारी या."

"मी न्हाय ओ पोरीसंगं खेळत," घोड्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, उलट तोच अवघडला होता. "हरली तर रडंल. मग तुम्ही मलाच हाकलून द्याल."

"का, भ्यालास?"

यावर घोड्याला खेळायला हो म्हणावंच लागलं.

त्या रात्री जेवणं होईपर्यंत आई थांबली. ताटं उचलल्यावर बोलली. "पोरगी आता मोठी झाली. गेल्या महिन्यापास्नं तुम्हाला सांगतेय, सकाळचंसुद्धा बंद करा. आणि तुम्ही तिला पोरांच्या गर्दीत उभी करताय?"

"एक मॅच गं."

"बरं. मग माझंही ऐका. जिंकली तर मी परत तोंड उघडणार नाही. सकाळी खेळू दे, संध्याकाळी खेळू दे. पण हरली तर पडद्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. मशिनीला हात नाही, सकाळचाही नाही. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी ती माझ्यासोबत ओट्यापाशी. कबूल?"

पप्पा माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. मला वाटत होतं मी जिंकणार. खरंच वाटत होतं.

"कबूल," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मघासारखा नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही खेळलो नाही. मी उठले तेव्हा पप्पा मशीनच्या पोटाशी मांडी घालून बसले होते. बटनांची फळी उघडलेली, खाली रंगीत वायरींचा गुंता.

"काय झालं?"

"काय नाही. साफ करतोय. आज गर्दी व्हणार, मधेच बंद पडायला नको."

"मी धरू फळी?"

"तू जा, केस विंचर. आईला म्हणावं, नीट दोन वेण्या घाल."

आईनं वेण्या घट्ट घातल्या, रिबिनी बांधल्या आणि खांद्यावरची ओढणी दोन्हीकडून पिनांनी टाचली. "हात मोकळे राहतील," ती म्हणाली. मी तिच्याकडं बघतच राहिले. ती मला हरायला पाठवत नव्हती.

दुपारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. मी पडदा सारून बाहेर आले तशी पोरं आपोआप मागं सरकली. माझ्याभोवती एक मोकळं रिंगण तयार झालं. घोड्या आधीच उजव्या बाजूला उभा होता. त्यानं शर्टाला हात पुसले. निळे डाग काही निघाले नाहीत.

"बटनं बघून घे रे," पप्पा त्याला म्हणाले. "नंतर तक्रार चालणार नाही."

"बघतो की काका."

त्याचं कॉइन आणि माझं कॉइन एकामागोमाग आत पडलं. मी चाबूकवाली घेतली, त्यानं टकल्या.

पहिला राउंड त्यानं सहज घेतला. पप्पांपेक्षा त्याचा हात कितीतरी वेगवान होता. टक, हुं, धाड. बसायला मला वेळच मिळेना. पोरं ओरडत होती आणि त्या गोंगाटात मला काही नीट ऐकू येत नव्हतं.

"बास का गं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ए, गप्प बसा की," घोड्याच ओरडला. "खेळू द्या तिला."

पोरं गप्प झाली. दुसऱ्या राउंडला मी डोळे जवळजवळ मिटूनच घेतले. आणि मग ऐकू यायला लागलं. त्याची हलकी बटनं तांदूळ सांडावेत तशी वाजत होती. मधेच ते शेवटचं बटन वाजलं, टक. मी बसले. लाथ डोक्यावरून गेली. चाबूक. पुन्हा टक, पुन्हा बसले, पुन्हा चाबूक. टकल्या कोसळला तेव्हा मी स्वतःच दचकले.

"आयला!" कुणीतरी म्हणालं. घोड्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "लै भारी. कोण शिकवलं?"

"पप्पांनी."

"काका, दुसरा घोड्या तयार केलाय की ओ तुम्ही!" मागून एक पोरगं ओरडलं.

मी पप्पांकडं बघितलं. ते वर बघत होते, फिरत्या पंख्याकडं.

तिसऱ्या राउंडला आम्ही दोघंही सावध होतो. त्यानं मला कोपऱ्यात रेटलं. पडद्यावरची माझ्या जीवाची पट्टी संपत आली होती, त्याचीही फारशी उरली नव्हती. आता तो शेवटचं बटन मारणार, हे मला माहीत होतं. त्यानं मारलं. टक.

मी बसले.

हुं आलाच नाही, आणि लाथही आली नाही.

टक. टक. टक. टकल्या पाय रोवून उभा होता, कुणीतरी त्याला विसरून गेल्यासारखा. नुसतं प्लास्टिक वाजत होतं. घोड्यानं बटनावर अंगठा दाबून धरला. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण हातांना लागलेली सवय होती. आवाज आला की बसायचं, मग चाबूक. हात चालतच राहिले. टकल्या पडला.

पार्लरमध्ये असा गलका झाला की शेजारच्या मागावरचे दोघं काम टाकून दारात आले. पोरं नाचत होती. माझी रिबीन कुणाच्या तरी हाताला लागून सुटली.

"काका," घोड्या म्हणाला. "बटन गेलंय."

अख्खी खोली हसून हसून लोळायला लागली.

"बटन न्हाय गेलं भावा, तू गेलास!" ज्यानं त्यानं त्याचंच वाक्य त्याच्या अंगावर फेकलं. "ए बटन! ए बटन्या!"

"न्हाय राव, खरंच. देवाशप्पत. काका, एक कॉइन टाकून बघतो, थांबा."

"पाटी वाच," पप्पा म्हणाले. आणि भिंतीवरचं मेन बटन खाली ओढलं. चारी पडदे एकदम काळे झाले. "आज सुट्टी. पोरगी जिंकली, सगळ्यांना भडंग."

घोड्या काळ्या पडद्यासमोर उभा राहिला. मग त्यानं माझ्यापुढं हात केला. मी हात मिळवला. त्याचा तळवा घामेजला होता.

"चांगली खेळलीस," तो म्हणाला. "दुसरा राउंड तर एक नंबर."

तेवढ्यात आई बाहेर आली. आई, जी पार्लर चालू असताना कधी पडद्याच्या पुढं येत नसे. हातात भडंगाची परात, वर कांदा-कोथिंबीर. तिनं पहिली मूठ माझ्या ओंजळीत घातली आणि पोरांच्या देखत माझ्या गालावरून बोटं ओढून स्वतःच्या कानशिलावर मोडली. "माझीच दृष्ट लागायची," ती म्हणाली. दारातल्या मागवाल्यांनासुद्धा तिनंच सांगितलं, "गावातल्या एक नंबरला हरवलं हिनं."

मी ओंजळ तशीच धरून उभी राहिले.

सगळे गेल्यावर मी रिबीन शोधायला पुन्हा बाहेर गेले. मशीनची फळी उघडी होती. पप्पा पाठमोरे बसले होते, आणि सोल्डरिंगचा निळसर धूर, तो राळेचा गोड वास, खोलीभर पसरला होता. त्यांच्या हातात एकच वायर होती. उजव्या बाजूची, शेवटच्या बटनाची.

"खरंच गेलं होतं," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. "सैल होती पिन."

"सकाळपासून?"

ते सोल्डरच्या थेंबावर फुंकर घालत राहिले.

"सकाळी तुम्ही सैल केली?"

"हळू बोल. आई आत आहे."

"म्हणजे थोडा वेळ चालेल, मग त्याच्या दणक्यानं निघेल, अशी?"

त्यांनी फळी जरा उजेडाकडं वळवली. म्हणजे त्याच्या पहिल्या राउंडला ती जागेवर होती. दुसऱ्याला? मला त्या लाथा डोक्यावरून जाताना दिसल्या होत्या. दिसल्या होत्या ना? माझे तर डोळे जवळजवळ मिटलेले होते.

"पप्पा, मी हरणार असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी वायर बटनाला लावली, ओढून बघितली. घट्ट होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू जिंकशील का हरशील, ह्याचा विचारच केला नाही गं मी. तू हरली असतीस तर उद्या सकाळी मी कुणासंगं खेळलो असतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग हाक. "रोहिणी, ये."

"अभ्यास आहे," मी आतून म्हटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही मला अभ्यास होता. आईनं दिलेला शब्द पाळला, तिनं एकदाही मला अडवलं नाही. उलट चार दिवसांनी तीच म्हणाली, "अगं, खेळत का नाहीस आता? एवढी जिंकलीस ती." मी काय सांगणार होते? पप्पा काही दिवस एकटेच टकल्या घेऊन खेळायचे. मी ओट्यापाशी चपात्या लाटत ते ऐकायचे. शेवटचं बटन ते कधी दाबत नसत. नंतर त्यांनी हाक मारणंही सोडलं. कोपऱ्यावर सायबर कॅफे निघाला, पोरं तिकडं वळली आणि एका दुपारी मशिनी टेम्पोत चढल्या. तेव्हा मी कॉलेजात होते.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मागच्या महिन्यात माहेरी गेले होते, तेव्हा पप्पांचा फोन बंद पडला. "आपल्या ओळखीचा आहे, चल," म्हणत ते मला आणि जुईला घेऊन निघाले. दुकानावरची पाटी मी दोनदा वाचली. 'बटन मोबाईल रिपेअरिंग'.

काउंटरमागं घोडके. केस विरळ, पोट सुटलेलं, बोटं स्वच्छ.

"अरे, चॅम्पियन! ये ये," तो म्हणाला. "ही पोरगी? बाळ, तुला ठाऊक हाय का, तुझ्या आईनं मला हरवलंय. अख्ख्या गावात एकटीनं."

"कशात?" जुईनं विचारलं.

"मारामारीत!" तो हसला. "आणि हरल्यावर मी काय म्हणावं? बटन गेलं! तवापास्नं गाव मला बटनच म्हणतंय. म्हटलं, दुकानाला तेच नाव देऊया, कुणी विसरायला नको. लै दिवस वाटायचं बाळा, खरंच गेलं हुतं बटन. मग एक दिवस स्वतःलाच म्हटलं, सत्या, हरलास तर हरलास म्हण की लेका. पोरीनं हरवलं म्हणून लाजतोस काय?"

पप्पा स्टुलावर बसले होते. बंद फोन दोन्ही हातांत धरून.

"दादा," मी घोडकेला म्हटलं, "त्या दिवशी ते बटन..."

पप्पांनी मान वर केली. माझ्याकडं नाही, त्यांनी जुईकडं बघितलं. जुई त्यांच्या गुडघ्याला रेलून उभी होती. आम्ही माहेरी असलो की रोज संध्याकाळी तिच्याशी सापशिडी खेळताना ते फासा असा हळूच वळवतात की ती जिंकते, आणि तिला वाटतं आपण आजोबांना हरवलं.

"काय गं?" घोडके म्हणाला.

"काही नाही. पप्पांचा फोन बघा ना."

टक. टक.

"आई, तू येतेस की नाही?"

मी उठले. जुई अजून स्टुलावरच होती, लायटर डोळ्याजवळ धरून आत काय बिघडलंय ते शोधत. मी तिला उचलून खाली घेतलं. तिच्या केसांना झोपेचा उबदार वास येत होता.

"त्या बटनवाल्या काकांना दुरुस्त करता येईल ना हा?"

"ते मोबाईल दुरुस्त करतात."

"आई, त्यांचं बटन तेव्हा खरंच बिघडलं होतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "हो," मी म्हटलं. "खरंच बिघडलं होतं."

तिनं लायटरकडं बघितलं. पुन्हा एकदा दाबला. टक. मग मान वर करून मला विचारलं,

"मग ते चालू असतं, तर कोण जिंकलं असतं?"